टिटवी मान डोलावते

विमानाने मान डोलावू नये. नंदीबैलाने डोलवावी, कीर्तनात पुढे बसलेल्या आजोबांनी डोलवावी, त्यांना ते शोभतं. पण पेशंट घेऊन सह्याद्री ओलांडणारं दोन इंजिनांचं विमान कुंभार्ली घाटावर पोचल्याबरोबर नाक वर, नाक खाली, पुन्हा वर असं करायला लागलं, तर आत बसलेला देवाचा धावा सुरू करतो आणि खाली हँगरमध्ये उभ्या असलेल्या इंजिनिअरच्या डोक्याला ताप होतो. कराडच्या कृष्णाकाठ हवाई रुग्णसेवेच्या ‘टिटवी’ने दसऱ्यापासून हे थेर सुरू केले होते, आणि ओवी डुबल या इंजिनिअरबाईंनी तेव्हापासून धड जेवण केलेलं नव्हतं.

त्या दुपारी टिटवी उतरली तेव्हा ओवी हँगरच्या दारातच उभी होती. कॅप्टन मुक्ता डुबल पायऱ्या उतरून आली. मुक्ता ही ओवीची थोरली बहीण. एकीने विमान उडवायचं आणि दुसरीने ते उडण्याजोगं ठेवायचं, ही वाटणी दोघींनी शाळेत असतानाच करून टाकली होती.

“काय झालं?” ओवीने विचारलं, पण उत्तर तिला ताईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“तेच. घाट आला आणि बाईसाहेब डोलायला लागल्या.” मुक्ताने हेडसेट गळ्यात सोडला. “नवा सर्वो ना हा?”

“तिसरा नवा.”

“मग सर्वोत काही नाही गं, ओवे. आता तरी ऐक.”

सर्वो म्हणजे ऑटोपायलटचा हात. ऑटोपायलट नुसता विचार करतो, की नाक खाली गेलंय, वर घ्यायला हवं. पण विचाराने विमान वर येत नाही. त्यासाठी शेपटीवरची आडवी हलती फळी ओढावी लागते. तिला एलिव्हेटर म्हणतात, इमारतीतल्या लिफ्टशी तिचा काही संबंध नाही. पूर्वी ती ओढायला छोटी मोटर असायची, मोटरवर चाक आणि चाकावर तार. तार सैल पडली की विमान डोलायचं, आणि मेकॅनिक तार घट्ट करून घरी जेवायला जायचा. ओवीच्या काळात मोटर गेली आणि स्नायू आला. स्नायू म्हणजे विजेचा दाब दिला की आखडणाऱ्या बारीक धाग्यांची मनगटाएवढी जुडी. ती खऱ्या स्नायूसारखी आखडते, सैलावते, आणि मुख्य म्हणजे शिकते.

वर्षातून एकदा या स्नायूची ‘ओळख-फेरी’ करायची असते. विमान जमिनीवर उभं असताना तो फळी सावकाश वर-खाली करून बघतो. ती किती जड आहे, कुठे अडते, कुठे सैल आहे, हे सगळं जोखून विमानाच्या स्मृतीत ठेवतो. मग हवेत धक्का बसला की फळी झुकायच्या आतच तो तिला बरोबर तेवढ्या जोराने सावरून धरतो. धक्क्यानंतर सावरणं आणि धक्क्याबरोबर सावरणं यात काय फरक आहे, ते सलाइन लावून आडव्या पडलेल्या पेशंटला विचारावं.

दुसरी नवी चीज म्हणजे ‘पारखी’. प्रत्येक विमानात कायद्याने बसवलेली ही तपासनीस प्रणाली. देशभरातल्या लाखो उड्डाणांचा अनुभव तिच्या पोटात होता. पारखीने अमुक पार्ट खराब म्हटलं की तो खराबच निघायचा, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सवय इंजिनिअर लोकांनी केव्हाच सोडून दिली होती. टिटवीत पारखीला काही सापडत नव्हतं. ओवीने स्वतःच्या हातांनी सगळं पुन्हा पाहिलं. तारांचा ताण बरोबर, क्लच बरोबर, कप्प्या गुळगुळीत, उंची मोजणाऱ्या नळ्या स्वच्छ. पुण्याच्या बदली वैमानिकाने सकाळच्या गार हवेत एक फेरी मारली, तर टिटवी गुणी बाळासारखी सरळ गेली. आणि मग पारखीने निकाल दिला: विमान निर्दोष, दोष चालकाच्या हातात. हाताला सूक्ष्म कंप असून तो वाढत जाईल.

पुरावाही तिच्यापाशी होता. या विमानांत नाक वर-खाली करायचा दांडा स्नायू आणि वैमानिक दोघांच्याही हातात असतो, आणि टिटवी डोलली त्या प्रत्येक वेळी मुक्ताच्या हाताचा दाब त्याच तालात कमी-जास्त झालेला होता.

गुरुवारी निरीक्षक बेहेरे येणार होते. तोवर विमानात दोष सापडला नाही तर मुक्ताचा परवाना रद्द, आणि हाताच्या कंपापायी गेलेला परवाना पुन्हा मिळत नसतो. मुक्ताला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

“सही करून टाक रिपोर्टवर,” कँटीनमध्ये मुक्ता म्हणाली. उजवा हात तिने टेबलावर पालथा दाबून ठेवला होता.

“नाही करणार.”

“ओवे, तू माझी बहीण आहेस म्हणून शोधत बसलीयस. मशीनला बहीण नाही, म्हणून ते खरं बोलतंय.”

“मशीनला अक्कल पण नाही.”

“आबांचं कसं सुरू झालं, आठवतंय का?” मुक्ताचा आवाज एकदम खाली आला. आबा म्हणजे त्यांचे वडील. तीस वर्षं एसटी चालवली आणि शेवटी शेवटी कंपवाताने त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा धरता येत नव्हता. “ते पण म्हणायचे, गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय. डेपोत तीनदा गाडी दाखवली. गाडी ठणठणीत होती की. उद्या माझ्यामागं पेशंट असला, आणि मी पण असंच विमानाला दोष देत बसले, तर?”

ओवीने ताईच्या हाताकडे पाहिलं. लांब बोटं, अगदी आबांसारखी. एखादा पार्ट तपासावा तशी ती क्षणभर त्या हाताकडे टक लावून बघत राहिली, आणि आपण काय करतोय हे कळल्यावर तिला स्वतःचाच भयंकर राग आला. ताईला पटलं तर पटलं, पण आपल्यालाही मशीनचं पटायला लागलं होतं.

“गुरुवारपर्यंत मला त्रास देऊ नकोस,” असं तोडून बोलून ती उठली.

हँगरमध्ये येऊन ती टिटवीच्या शेपटीखाली उलट्या पेटीवर बसली. नव्यांपैकी उतरवलेले दोन्ही सर्वो समोर ठेवले आणि त्यांच्याकडे रागाने बघत बसली. तीन वेगवेगळे नवे स्नायू, वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले, आणि तिघांनाही डोलायची खोड तीच. एवढंसुद्धा कमी-जास्त नाही. पारखीचं म्हणणं, तिघांत समान असलेली गोष्ट म्हणजे कॅप्टन. तर्क बिनतोड होता. पण समान असलेली आणखी एक गोष्ट होती, आणि ती आठवल्यावर ओवी पेटीवरून उठून उभीच राहिली.

नवा स्नायू बसवला की दहा मिनिटांत कामाला तयार होतो, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! तो तयार होतो कारण जुन्याचं शिक्षण विमानाच्या स्मृतीतून त्याच्यात आयतं ओतलं जातं. नवी सून उंबरठा ओलांडते न ओलांडते तोच सासूने घरातल्या सगळ्या तक्रारी तिच्या कानात भरून द्याव्यात, तसाच हा प्रकार. तक्रार खोटी असली तरी सून ती खरीच धरून चालणार. पारखी ती स्मृती तपासायची, पण ती शाबूत आहे का एवढंच बघायची. ती खरी आहे का, हे स्नायूला विचारल्याशिवाय कळणार कसं?

“पाटणकरसाहेब!” ओवीने हाक मारली. “जरा शेपटीपाशी येऊन उभे राहता का?”

पाटणकर हे तळाचे प्रमुख. पोट सुटलेलं, मन मऊ आणि सणवार कडक. ते लगबगीने आले. “काय, सापडलं का काय?”

“अजून नाही. आता मी या स्नायूचे डोळे बांधणार आहे.”

“त्याला डोळे असतात व्हय?”

होते, म्हणजे एका अर्थी. फळी कुठे आहे हे स्नायूला सतत सांगणारा एक सेन्सर तिथे असतो. डोक्यातली समजूत चुकली तरी तो सेन्सर बघून स्नायू चूक सावरून घेतो, आणि म्हणूनच जमिनीवरच्या सगळ्या तपासण्यांत तो पास होतो. ओवीने सेन्सरचा प्लग उपटला आणि नुसत्या आठवणीवर फळी सरळ धरायला स्नायूला सांगितलं.

फळी हळूच वर उचलली गेली. आणखी वर. थेट वरच्या टोकाला टेकली आणि तिथेच राहिली.

“अगाई! ही कुठं चालली?” पाटणकर म्हणाले.

“ती काहीतरी तोलून धरतेय.” ओवीने फळीला खालून बोट लावून पाहिलं. “तिला वाटतंय, आपल्या अंगावर ओझं आहे.”

“आवो, मोकळी आहे की समदी.”

ओवीने फळीच्या मागच्या कडेला कापडी पिशवी अडकवली आणि तिच्यात एकेक पाना टाकायला सुरुवात केली. फळी हलेना. आणखी टाकले. मग ती नाइलाजाने खाली यायला लागली, आणि अखेर बरोबर आडवी झाली. पेशंटच्या सामानाच्या काट्यावर पिशवी ठेवली तर दोन किलोच्या आसपास भरली.

दोन किलो! ओवीला सगळं एकदम लख्ख दिसलं. जत्रेतला पाळणा खालून वर उसळी घेतो तेव्हा माणूस जड होतो. विमानाला खालून वाऱ्याचा धक्का बसला की विमानातली प्रत्येक वस्तू तशीच जड होते. स्नायूला वाटायचं, आपलं दोन किलोचं ओझंही आता वाढलं. तो जास्त जोर लावायचा. पण ओझं नव्हतंच, त्यामुळे फळी उगाच वर जायची, नाक आणखी वर उसळायचं, मग सेन्सर बघून तो घाबऱ्याघाबऱ्या ते खाली आणायचा आणि पुन्हा तेच. सकाळच्या शांत हवेत धक्केच नसतात, तेव्हा टिटवी शहाणी. दुपारी घाटावरची हवा उकळायला लागली की नंदीबैल. आणि दांड्यावर ठेवलेला ताईचा हात? तो स्नायू हलवत होता. ज्याला हलवलं जातंय त्यालाच पारखीने हलवणारा ठरवलं होतं.

“साहेब, ओळख-फेरी झाली तेव्हा या शेपटीवर दोन किलोचं काय होतं?”

पाटणकर विचार करायला लागले आणि मग त्यांचा चेहरा पडला. “खंडेनवमी,” ते म्हणाले.

“अहो, हार!” ओवी ओरडली.

“मीच आणला होता मसूरहून. झेंडूचा, दुपदरी, आंब्याच्या डहाळ्या घातलेला. वर मीच पाणी मारलं, सुकू नये म्हणून. पंखाला पुरंना, म्हणून शेपटीला बांधला.” त्यांनी कपाळाला हात लावला. “तुम्ही म्हणाला होता, हार काढू या. मीच म्हटलं, पूजेचा हार काढून कुणी मशीन चालू करतं व्हय? मुहूर्तावर होऊ दे फेरी.”

आणि ओवीने हसून स्वतःच बटण दाबलं होतं. कुंकू लावलेला पाना, फोडलेला नारळ, बत्तासे आणि भरजरी शेपटीची टिटवी. दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी हार निघाला, पण स्नायूच्या डोक्यातून तो कधी निघालाच नव्हता. तीन सर्वो बदलले, आणि तिन्ही बिचारे न दिसणारा झेंडू तोलत घाटावरून जात राहिले.

“म्हणजे आपल्या मुक्ताबाईंच्या हाताला कंप आला, तो माझ्या हारापायी?” पाटणकर मटकन पेटीवर बसले. ओवीला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना, आणि हसता हसता ती कधी रडायला लागली ते तिला कळलं नाही. मग तिने डोळे पुसले, शेपटी कोऱ्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि ओळख-फेरी नव्याने केली. रिपोर्टात बटण कोणी दाबलं हे स्वतःच्या नावासकट लिहायला तिला काडीचाही संकोच वाटला नाही.

मुक्ताने सगळं ऐकून घेतलं. तिने उडी मारली नाही की मिठी मारली नाही. “पटतंय,” ती म्हणाली. “पण तुझं डोकं सांगतंय म्हणून पटतंय. हात मला अजून काही सांगत नाही, ओवे. मला तो घाबरलेलाच वाटतोय.”

गुरुवारी बेहेरे आले. शिडशिडीत, अबोल, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. ओवीने त्यांच्यासमोर पुन्हा स्नायूचे डोळे बांधून दाखवले, आधी जुनी स्मृती घालून, मग नवी. बेहेऱ्यांनी पिशवीतले पाने स्वतः मोजून पाहिले.

“फळी वाजवीपेक्षा जड नोंदली गेली, तेव्हा पारखीला शंका कशी आली नाही?” त्यांनी विचारलं.

“रंग दिला, ठिगळ मारलं की प्रत्येक विमानाची फळी थोडी जड होतेच, सर. म्हणून पारखी कंपनीच्या आकड्यापेक्षा स्नायूवर विश्वास ठेवते. आणि स्नायू खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी फळी खरंच तेवढी जड होती.”

बेहेऱ्यांनी पिशवी खाली ठेवली. “नियमाप्रमाणे पारखीचा निकाल उड्डाणानेच खोटा ठरतो. दुपारी, घाटावरून, आणि कॅप्टन याच. मी मागे बसतो.” पारखी अर्थातच मुक्ताला दांडा द्यायला तयार नव्हती. पारखीला बाजूला सारायचा अधिकार निरीक्षकाला असतो, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत बेहेऱ्यांनी तो पहिल्यांदा वापरला.

टिटवी उठली. उजवीकडे ओवी, मागे बेहेरे. पाटण मागे पडलं, कोयनेचं निळं पाणी आलं आणि पुढे कड्यावरून कोकणाकडे कोसळणारी जमीन दिसायला लागली. दुपारची तापलेली हवा तिथे कढईतल्या तेलासारखी खदखदत होती. पहिला धक्का बसला तसा ओवीने श्वास रोखला.

नाक वर गेलं. आणि परत जागेवर आलं. आलं आणि थांबलं.

दुसरा धक्का चांगला दणदणीत होता. मागे बेहेऱ्यांची बॅग सीटवरून खाली पडली. टिटवीने एकदा अंग झटकलं आणि सरळ पुढे निघाली. तिसरा, चौथा. मान म्हणून डोलावली नाही पठ्ठीने! ओवीला ओरडावंसं वाटलं, पण तिने ताईकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. मुक्ता हसत नव्हती. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती.

“विमान बरं झालं,” मुक्ता म्हणाली. “आता माझं बघू.” आणि तिने स्नायूचा स्विच बंद केला.

“कॅप्टन, याची आवश्यकता नाही,” मागून बेहेरे घाईघाईने म्हणाले.

“मला आहे, सर.”

आता टिटवी आणि कुंभार्लीची हवा यांच्यामध्ये त्या लांब बोटांशिवाय दुसरं काही नव्हतं. वारा खालून ढकलत होता, बाजूने रेटत होता. मुक्ता थोडं देत होती, थोडं घेत होती. ना घाई, ना झटका. उंची दाखवणारा काटा जागचा हलेल तर शपथ. मुक्ताने घाटावर एक पूर्ण वळण घेतलं, मग मुद्दाम जिथे हवा सगळ्यात खवळलेली असते त्या कड्याच्या तोंडावरून दुसरं घेतलं, आणि त्या वळणाच्या मध्यावर ती खदखदून हसायला लागली.

“ओवे! बघ गं! बघ की!”

“बघतेय की!”

“आबांचा नाही हा हात! माझा आहे! माझा!” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती दांडा सोडायला तयार नव्हती. ओवीने आपल्या ओढणीने ते पुसलं. मागे बेहेरे खिडकीबाहेर बघण्यात फारच गुंतून गेले होते.

खाली आल्यावर पाटणकरांनी सगळ्यांना पेढे वाटले. हार मात्र आणला नव्हता. बेहेऱ्यांनी मुक्ताचा परवाना तिच्या हातात ठेवला, पण पेढा तसाच धरून ते टिटवीच्या शेपटीकडे बघत राहिले.

“खंडेनवमीला यंत्रांची पूजा तर सगळीकडेच होते ना?” त्यांनी विचारलं.

“हो की,” पाटणकर म्हणाले.

“आणि मुहूर्तावर ओळख-फेरी?”

पाटणकरांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. बेहेऱ्यांनी खुर्ची ओढली. “गेल्या वर्षीही दसऱ्यानंतर पारखीने काही वैमानिकांच्या हातात कंप शोधला होता. पहिल्या वेळी तिला फारशी खात्री नव्हती. पण आम्ही एकाला घरी बसवलं, की ती त्याचा धडा घ्यायची आणि पुढच्या वेळी जास्त ठामपणे बोलायची. तिच्या त्या खात्रीवर आम्ही पुढच्याला घरी बसवायचो.” ते थांबले. “त्यातल्या तिघांच्या कागदांवर माझी सही आहे.”

त्यांनी तिथूनच कार्यालयाला फोन लावला आणि त्या तीन विमानांच्या जुन्या स्मृती मागवल्या. ओवीने आकडे लावून पाहिले. तिन्ही फळ्या जड. एकीवर तर टिटवीपेक्षाही मोठा हार असणार.

“पहिले कोण?” मुक्ताने विचारलं.

“कॅप्टन दिनकर वाघधरे. नांदेडला असतात. आता झाडांची नर्सरी चालवतात, असं ऐकलंय.” बेहेऱ्यांनी नंबर काढला, पण त्यांचा अंगठा बटणावर जाईना. “मी सांगू, की तुम्ही?”

मुक्ताने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे पाण्याचा पाइप सुरू असल्याचा आवाज येत होता.

“कॅप्टन वाघधरे? मी कॅप्टन मुक्ता डुबल, कराडहून. सर, गेल्या वर्षी तुमच्या विमानाची ओळख-फेरी खंडेनवमीला झाली होती का?”

“झाली होती. का बरं?”

“शेपटीवर काही बांधलं होतं?”

“तोरण होतं की. हिनंच केलं होतं घरी, झेंडूचं. का हो बाई?”

“सर, विमान त्या तोरणाचं वजन शिकलं. त्यामुळं ते डोलत होतं. आमचंही तसंच झालं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, सर. कधीच झालं नव्हतं.”

पलीकडे नुसतं पाणी वाहत राहिलं. मग कोणीतरी नळ बंद केला.

“बाई, फोन ठेवू नका,” वाघधरे म्हणाले. “हिला बोलावतो. वर्षभर झालं, माझ्या शर्टाची बटणं ही लावती, अन् मी मुकाट्यानं लावून घेतो. मी सांगितलेलं तिला खरं वाटणार नाही. तुम्हीच सांगा.”

चपलांचा आवाज जवळ आला. मुक्ताने तेच सगळं पहिल्यापासून, जरा मोठ्याने, सांगायला सुरुवात केली.